ढोलीवरचा हात

तिच्या घरून निघताना पाहुण्यांची झडती व्हायची. त्यांनी आपलं काही नेलं का म्हणून नव्हे, मागे काही ठेवलं का म्हणून. बिस्किटाचा कागद, शाम्पूची पुडी, पाण्याची रिकामी बाटली, औषधाच्या गोळ्यांचं चकाकतं पान. जे घेऊन आलात ते सगळं परत पिशवीत दिसलं पाहिजे. ती दारात बाज आडवी टाकून बसायची आणि एकेकाला विचारायची, "जे आनलं ते नेलं का?"

नागपूरच्या एका डॉक्टरांनी एकदा तिला विचारलं, "बाई, कचऱ्याचा डबा कुठं आहे?" तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी जणू तिच्या चुलीत चूळ भरायची परवानगी मागितली होती. "तुमच्या घरी असन ना," ती म्हणाली, "तिथंच न्या."

मी हे सगळं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तरुण होते. अठ्ठावन्न वर्षांची. हसू नका. आज बहात्तरीत बसून मागे पाहते तेव्हा ती अठ्ठावन्नची बाई मला शाळेतल्या पोरीसारखीच दिसते. नुकतीच मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, पर्समध्ये अजून शिट्टी बाळगणारी, आणि आपल्याला न कळणारं असं जगात फारसं काही उरलेलं नाही याची खात्री असलेली. निवृत्त शिक्षिकांच्या सहलीबरोबर तिच्याकडे दोन दिवस मुक्कामाला गेले ती पुढे जातच राहिले. घरी भंडाऱ्याला मुलगा आणि सून सुखात होते. मी नसले की जास्तच सुखात असावेत, कारण मी पुन्हा तिकडे निघाले म्हटलं की सून लगेच डबा भरून द्यायची.

लाखांदूरच्या पुढे एका फाट्यावर एसटी सोडायची. तिथून तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, अर्धा तास चालत गेलं की तिचं मातीचं घर. पाहुण्यांना झोपायला तीन खोल्या, जेवायला ओसरी, खरेदीला ओसरीचा एक कोपरा. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. येणारा कोणीही असो, त्याला पहिला शब्द "जयभीम", दुसरा "चपला तिकडं". अशा जागांना हल्ली लोक शाश्वत वगैरे म्हणतात. तिला तो शब्द ठाऊक नव्हता. तिचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं: "राहा, खा, झोपा, पन खुना नका ठेवू."

जेवायला काय आहे असं विचारणाऱ्याला ती सरळ वावरात पाठवायची. "मले काय विचारता? जाऊन पाहा काय उगवलं ते." उगवलेली अंबाडी असली तर अंबाडी. तळ्यातले शिंगाडे असले तर शिंगाडे. काहीच नसलं तर लाखोळीच्या डाळीचे वडे आणि ठेचा. पळसाच्या पानांच्या पत्रावळी, जेवण झालं की शेणखड्ड्यात.

दुकानदार म्हणून तर ती भयंकर होती. शेजारच्या गावातल्या बुरडाच्या टोपल्या, सुपं आणि कोशाच्या रेशमाचे दोन-चार दुपट्टे असायचे. एका बाईंनी मोटारीतून उतरून सहा टोपल्या मागितल्या. "घरी मानसं किती?" हिचा प्रश्न. "आम्ही दोघंच." "मंग सहा कायले? एक न्या. ती फाटली का या." त्या बाई म्हणाल्या, बाकीच्या मी भेट देईन. ही म्हणाली, "ज्यायले पायजे ते येतीन ना चालत." आणि खरंच एकच दिली. मी मागे उभी राहून मनातल्या मनात कपाळ बडवत होते. मला वाटायचं, या बाईला माणसात आणायला माझ्यासारखी कोणीतरी हवी होती.

आता ढोल्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं.

ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणमातीनं लिंपलेली, छातीइतकी उंच कणगी. त्यात धान, म्हणजे टरफलासकटचा तांदूळ, ठेवतात. तिच्या मधल्या खोलीत तीन ढोल्या ओळीनं होत्या. दोन खायच्या धानाच्या. तिसरीवर चुन्यात बुडवून उठवलेला एक हात होता. पाच बोटं, त्यातली करंगळी वाकडी. तो तिच्या सासूचा हात. गावभर त्या सासूला बुढी म्हणत आणि ढोलीत होता तो बुढीचा धान: बारीक दाणा, टोकाला काळं कूस, म्हणजे कुसळ. शिजला की वास पाळीपर्यंत जायचा.

बुढीजवळ स्वतःची जमीन नव्हती. ती दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला जायची आणि मजुरी म्हणून धान मिळायचा, मिसळीचा, हाती येईल तो. त्यातून ती संध्याकाळी काळ्या टोकाचे दाणे वेगळे वेचायची. एका वर्षी चिमूटभर, एका वर्षी काहीच नाही. असे कितीतरी हंगाम. पुढे नवऱ्याच्या नावावर दीड एकर आलं तेव्हा पहिल्या बांधीत तिनं तो वेचलेला धान टाकला. ही सून तेव्हा नवी नवरी होती. "आमची बुढी लुगडं फाटकं नेसे," ती सांगायची, "पन त्या धानाले कपडा नवा."

ही ढोली लिंपताना ती हाताच्या ठशाभोवतीनं लिंपायची, बोटाबोटाच्या मधून, दिव्याची काजळी पुसावी तसं हळू. बाकी बांध्यांमध्ये साधा ठोकळ धान. बुढीच्या धानाला एकच बांधी. त्यातून बियाणं ढोलीत जायचं आणि उरलेला पाहुण्यांना. शिजवून नाही! निघताना, झडती झाल्यावर, प्रत्येकाला मूठभर धान फडक्यात बांधून द्यायची. "खायचा नाई. कुंडीत पेरा, अंगनात पेरा. पिकला का मूठभर वापस पाठवा."

कोणीही कधी पाठवला नाही. मला तेव्हाच ठाऊक होतं पाठवणार नाहीत, आणि हे मी तिला स्पष्ट सांगितलंही होतं. मी पाहुण्यांची वही घातली होती, हजेरीपटासारखी, नाव-गाव-फोनसकट. "बघा," मी वही दाखवून म्हणाले, "दोन वर्षांत एकही मूठ परत नाही." ती म्हणाली, "बुढीले किती साल लागले मोज बरं."

त्या उन्हाळ्यात मुंबईकडच्या एका संस्थेचा निरोप आला. गावाकडे राहण्या-जेवण्या-खरेदीच्या चांगल्या जागांची ते यादी करत होते आणि तिघं जण आमची जागा पाहायला येणार होते. आमची! पाहा, कसं आपोआप लिहून गेले. तिनं निरोप ऐकला, "येऊ दे" म्हणाली आणि बहिणीला ताप आहे म्हणून तिच्या गावी निघाली. बैलबंडीत बसता बसता मला म्हणाली, "पयल्या ढोलीतला धान संपत आला. दुसरीतला काढजो. हातवालीले हात नको लावू."

"कळतं मला," मी म्हणाले.

बंडी पाळीआड झाल्याबरोबर मी पदर खोचला.

माझी योजना अशी, की पाहुणे येतील तेव्हा घर कसं खरंखुरं ग्रामीण दिसलं पाहिजे. घर ग्रामीणच होतं, पण ते दिसत नव्हतं असं माझं मत. शेजारणीला सारवणाला बोलावलं. भिंती झाल्या, ओसरी झाली, मग ढोल्या. हातवाल्या ढोलीपाशी शेजारीण थांबली. "म्याडम, याच्या भवतालूनच लिपते बाई."

"ते ठिगळासारखं दिसतं," मी म्हणाले. "सगळं एकसारखं लिंपा. ती डावीकडची आहे, माझ्या लक्षात आहे. बाईंना पुन्हा काढून देऊ, चुना काय महाग आहे?"

शेजारणीनं बोळा माझ्या हातात दिला. "तुमीच पुसा मंग."

आणि मी पुसला. करंगळी शेवटी गेली. चुना जुना होता, मातीत मुरलेला, दोनदा ओला हात फिरवावा लागला.

वाळल्यावर तिन्ही ढोल्यांवर मी चित्रं काढली. कॅलेंडरवर पाहिलेली: त्रिकोणी अंगाची माणसं, गोल डोकी, हातात हात घालून नाचणारी. ती चित्रं इकडची नव्हेत, पार समुद्राकडच्या डोंगरांतली, आमच्या झाडीपट्टीत कोणाच्या बापजन्मी कोणी तशी काढली नव्हती. पण इतकी शोभून दिसली म्हणता! मी लांब उभी राहून स्वतःलाच शाबासकी दिली.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तांदूळ हवा होता. जेवणाला तर हवाच, शिवाय माझ्या डोक्यात दुकान होतं. कापडी पिशव्या शिवून त्यात किलो किलो तांदूळ भरायचा, सुतळीनं बांधायचा, वर पळसाचं पान. पाहुण्यांना दाखवायला मांडणी कशी भरगच्च हवी. म्हणून मी ठरवलं की दुसरी ढोली अख्खीच रिकामी करून राईस मिलवरून भरडून आणायची. हातवाली डावीकडची, म्हणजे ती सोडून मधली आणि उजवीकडची खायची. मधली जवळजवळ रिकामी होती, तीच पहिली. म्हणजे दुसरी ती उजवीकडची.

आता नीट ऐका. मी सारवलं तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून आत शिरले होते. त्या दिवशी मी ओसरीच्या दारातून शिरले. उभ्या हयातीत मी पोरांना डावा हात वर करा, उजवा हात वर करा शिकवलं आणि खोली उलट्या बाजूनं पाहिली की डावं उजवं होतं एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. मी ज्या टोकाला डावं समजत होते ती खरी दुसरी ढोली, आणि उजव्या टोकाला होती ती हातवाली.      शेजारणीनं मला तिथंच टोकलंही.

"म्याडम," शेजारीण ढोलीचं तोंड उघडताना म्हणाली, "हे हातवाली त नाई ना? लिपाच्या वक्ती आपन सयपाकघरातून आलो होतो."

"मला डावं-उजवं कळतं," मी म्हणाले.

तिनं सूप भरून धान काढला. बारीक दाणा. टोकाला काळं कूस.

मला ते दिसलं. खोटं कशाला सांगू या वयात? मला ते लख्ख दिसलं. शेजारीण सूप हातात धरून माझ्याकडे पाहत होती. बंडीवाला बाहेर बिडी विझवून उभा होता. मी एवढंच म्हणायचं होतं: थांबा, चुकलं वाटतं. तीन शब्द. पण मी नुकतंच म्हटलं होतं की मला कळतं. म्हणून मी मनाशी हिशेब जुळवला, की बियाणं एवढं पोतंभर थोडंच असतं, ते शेर-दोन शेर असेल, त्या टोकाच्या ढोलीत असेल. हा बाईंनी चांगल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला दिसतो.

"भरा पोत्यात," मी म्हणाले.

ढोली रिकामी झाल्यावर मी स्वतः आत वाकून खराट्यानं तळ झाडला. एक दाणा ठेवला नाही. स्वच्छतेचं बक्षीस आमच्या शाळेला तीनदा मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले: दोन बाया, एक गृहस्थ. त्यांनी खोल्या पाहिल्या, बाजा पाहिल्या, नाचणाऱ्या माणसांचे फोटो काढले. मी भात टाकला. उकळी आली आणि वास सुटला. ओसरीवरचं बोलणं थांबलं. "हे काय शिजतंय?" गृहस्थांनी विचारलं. मी फुगले. चुलीपुढे बसून मी अशी फुगले, की चोळी उसवली नाही हेच नवल.

पत्रावळी मांडल्या, पहिला भात वाढला आणि पाळीवरून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

ती अजून लांब होती. बंडी एकाएकी थांबलेली मी पाहिली. ती खाली उतरली आणि पायी चालू लागली, भराभर, मग पळायलाच लागली. सत्तरीकडे झुकलेली बाई, पदर खांद्यावरून सुटलेला. फाटकाशी येऊन उभी राहिली. तिनं एकदा नाकानं श्वास घेतला. मग आत आली, पाहुण्यांना जयभीम केला, सरळ मधल्या खोलीत गेली.

मी भाताचं भांडं हातात धरून उभी होते. आतून काहीच आवाज येईना. नंतर झाकण सरकल्याचा आवाज आला आणि मग ढोलीच्या तळावर हात आपटल्यासारखा, पोकळ, चार-पाचदा. ती तळ चाचपत होती.

बाहेर आली तेव्हा चेहरा कोरा होता. तिनं माझ्या हातातलं भांडं घेतलं.

"बसा ना तुम्ही पण," पाहुण्यांतली एक बाई म्हणाली. "असा भात आम्ही जन्मात खाल्ला नाही."

"खा," ती म्हणाली. "पोटभर खा. याच्याबाद नाई भेटनार."

ते हसले. त्यांना वाटलं, खेड्यातल्या माणसाची गंमत.

"याचं बियाणं मिळेल का आम्हाला?" गृहस्थांनी विचारलं.

"तेच वाढलं तुमाले."

कोणी हसलं नाही. ती खाली बसली, एक पत्रावळ ओढली, उरलेला भात स्वतःच्या पानात घेतला आणि जेवली. कालवण न घेता, एकेक घास, शेवटचं शीत बोटानं टिपून. मी खांबाला टेकून उभी. 

जाताना तिनं नेहमीसारखी झडती घेतली. "जे आनलं ते नेलं का?" फक्त शेवटी मूठ बांधून दिली नाही. मी सुतळीनं बांधलेल्या तांदळाच्या पिशव्या त्यांच्याकडे पाहत मांडणीवर ओळीनं उभ्या होत्या.

ते गेल्यावर मी वाट पाहिली की ती ओरडेल. ओरडली असती तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. तिनं ढोलीवरच्या माझ्या चित्राकडे बोट केलं. "हे काड्यायचे मानसं कोन होत?"

मी चित्रापुढे जाऊन उभी राहिले.

"अन् किती साफ केलं वो," ती म्हणाली. "एक दाना नाई ठेवला."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. जा असंही म्हणाली नाही. जेवायला वाढायची, पाणी द्यायची आणि मी नसल्यासारखी वागायची. मिरग लागायला पंधरा-सोळा दिवस होते. मिरगात धानाचे पऱ्हे टाकतात, म्हणजे रोपं करायला बियाणं पेरतात. तोवर बुढीचा धान मिळाला तर मिळाला, नाहीतर ती बांधी ठोकळ धानाखाली जाणार आणि गोष्ट संपणार. गावात दुसऱ्या कोणाकडे तो नव्हता. सगळे केव्हाच जास्त पिकणाऱ्या वाणांकडे वळले होते.

मी वही काढली. माझी हजेरीपटाची वही! फाट्यावर जाऊन, जिथं फोनला रेंज यायची त्या चिंचेखाली बसून मी एकेकाला फोन लावला.

"कुठला धान? अच्छा, ते! ते आम्ही चिमण्यांना टाकलं."

"ताई, उंदरांनी नेलं बहुतेक."

"मी त्याची खीर केली. मूठभरच होता, पण काय वास!"

एका बाईंनी उत्साहानं सांगितलं की त्यांच्याकडे आहे, जपून ठेवलाय. मी वहीत त्यांच्या नावापुढे टिक केली. "भिंतीवर फ्रेम केलीय," त्या म्हणाल्या. "गोंदानं एकेक दाणा चिकटवून मोर केलाय. फोटो पाठवू?"

प्रत्येकाला मी झापलं. "तुम्हाला सांगितलं होतं ना? शिकली-सवरलेली माणसं तुम्ही! एक मूठ सांभाळता येत नाही?" मुख्याध्यापिकेचा आवाज चिंचेखालून पार फाट्यापर्यंत जात होता. एसटीची वाट पाहणारे लोक माझ्यापासून लांब सरकून उभे राहायचे.

या सगळ्या वेळात एक मूठ कुठं आहे ते मला पक्कं ठाऊक होतं.

वहीतलं पहिलंच नाव. माझं. पहिल्या सहलीत मलाही फडक्यात बांधून मूठ मिळाली होती. खायचा नाई, पेरा. मी मोठ्या आदरानं घरी नेली, चांगलं कडक ऊन दिलं, कडुनिंबाची पानं घातली आणि उरलेल्या कोशाच्या तुकड्यात शिवून तिचं पिनकुशन केलं. सुया टोचायला. वर बाभळीच्या फुलाएवढा गोंडा. दोन वर्षं ते माझ्या शिलाई मशीनवर होतं.

आणि मी ते सांगत नव्हते. दहा दिवस मी लोकांना झापत होते, एवढ्याचसाठी की तिच्यासमोर ते पिनकुशन घेऊन उभं राहावं लागू नये. खीर करणारी बाई निदान खरं बोलली होती.

वही संपली तेव्हा मिरगाला चार दिवस उरले होते. मी एसटी पकडली. साकोलीवरून, कारध्याचा पूल ओलांडून भंडारा. सुनेनं दार उघडलं. "आई! अचानक? बरं नाही का?"

"माझं पिनकुशन कुठंय?"

"पिनकुशन? एवढ्यासाठी लाखांदूरहून आलात?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं काही न विचारता आणून दिलं. त्यात तिच्या ब्लाउजची सुई दोऱ्यासकट होती. तीही मी तशीच नेली.

परत पोचले तेव्हा ती ओसरीवर सूप घेऊन बसली होती. मी पिनकुशन तिच्यापुढे ठेवलं.  

तिनं ते उचललं. दाबलं. आत धान करकरला. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, किती दिवसांनी.

"हे तुयी मूठ?"

"हो."

"यात सुया टोचल्या?"

"हो."

"अन् बाकीच्यायले झापत होती? फाट्यावरचे लोक सांगून राहिले होते."

मी मान हलवली. तिनं एकेक सुई काढून माझ्या तळहातावर ठेवली. मग दातांनी शिवण उसवली.

मिठाच्या पाण्यात टाकल्यावर बरेच दाणे तरंगले, ते पोचट. तळाशी बसले ते तिनं धुतले, रात्रभर भिजवले, ओल्या गोणपाटात गुंडाळून तणसाखाली, म्हणजे धानाच्या पेंढ्याखाली, दडपले. आधी थोडे उगवून पाहू असं म्हणायला थोडे होतेच कुठं? सगळे एकदम. दोन वर्षांचा धान. त्यातले किती जिवंत असतील हे ती सांगेना, मी विचारीना. दुसऱ्या दिवशी मी तणसाजवळ गेले तर तिनं काठी उगारली. "उघडू नको. ऊब जाईन."

त्या दोन दिवसांत मी केलेली कामं पाहिली असतीत तर माझी कीव केली असती. तिन्ही ढोल्यांवरची नाचणारी माणसं एकेक पुसली. मांडणीवरचा तांदूळ काढून तिच्या पाटीत ओतला. पुन्हा तणसाजवळून उगाच गेले. पुन्हा काठी.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली. "म्याडम, इकडं ये." गोणपाट मांडीवर घेऊन ती उकिडवी बसली होती. घडी उलगडली. मला चष्म्याशिवाय दिसेना. तिनं माझं बोट धरून गोणपाटावर ठेवलं. बारीक, ओलं, टोचरं काहीतरी लागलं. एक. त्याच्या शेजारी आणखी एक. मग नुसतेच मेलेले दाणे, मग तीन एकत्र, पांढरे, वाकडे.

सगळे नव्हते. निम्मेही नव्हते.

"एवढ्या सुया टोचल्या तरी जगलं," ती म्हणाली. "बुढीचंच होय."

त्या वर्षी बांधीच्या एका कोपऱ्यात, पाटाएवढ्या जागेत, तिनं एकेक रोप लावलं. चिमण्या येऊ नयेत म्हणून मी दिवसभर शिट्टी वाजवत बसायची. पर्समधली ती शिट्टी शेवटी कामाला आली. दुसऱ्या वर्षी अर्धी बांधी. तिसऱ्या वर्षी ढोली भरली.

मधल्या काळात त्या संस्थेचं पत्र आलं. आमची जागा त्यांच्या यादीत होती. भात अप्रतिम, असं लिहिलं होतं आणि स्थानिक भित्तिचित्रांची परंपरा जपल्याबद्दल विशेष कौतुक. मी ते तिला वाचून दाखवलं. त्या दोन वर्षांत ती पहिल्यांदा मोठ्यानं हसली, डोळ्यांत पाणी येईतो हसली. मग पत्र माझ्याच पिशवीत टाकलं. "तू आनलं. तूच ने."

ढोली भरली त्या दिवशी तिनं ताजी शेणमाती कालवली आणि ती स्वतः लिंपली. वाळल्यावर वाटीत चुना घेऊन आली.

"हात दे."

मला वाटलं, वाटी धर म्हणते. मी हात पुढे केला, तिनं मनगट पकडून तो चुन्यात बुडवला.

"माझा नको," मी म्हणाले. "तुमचा काढा. तुम्ही सून आहात. मी तर..."

"माया हात असला त मले जपायची सवय आहेच. त्याचा काय फायदा?" तिनं माझा हात ढोलीवर दाबला आणि वर स्वतःचा हात ठेवून जोर दिला. "हालू नको. आता जेव्हा कोनी पुसन, तुयाच हात पुसला जाईन. मंग पाहू, डावा का उजवा."

ती गेली त्याला आता चार वर्षं झाली. घर मी आणि शेजारीण चालवतो. दारात बाज आडवी टाकून मी पाहुण्यांच्या पिशव्या उलट्या करते आणि लोक माझ्याविषयी काय बोलतात ते मला कळतं. तिच्याविषयी मी तेच बोलत होते. मूठ बांधून देते. गेल्या वर्षी गोंदियाच्या एका मुलीनं कुंडीत पिकवून सहा लोंब्या परत पाठवल्या. पहिल्याच.

सारवणाच्या दिवशी मात्र मी मधल्या खोलीत स्टूल टाकून बसते. शेजारीण माझ्या बोटांच्या मधून बोळा फिरवते, करंगळीपर्यंत येते, थांबते आणि मुद्दाम विचारते, "म्याडम, एकसारखं लिपू का?"

ज्या बाईनं घरात कोणाला एक खूण ठेवू दिली नाही, तिनं ठेवून घेतलेली ती एकच. उजव्या हाताची. मी दोनदा तपासलंय, दोन्ही दारांतून.